मायकल जेम्स कीओचे वडील

नोरीनने फाइल माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा का खोडलास?"

ओळ माझ्याच हातची होती. मायकल कीओ, जन्म मीथ काउंटी, आईचं नाव ब्रिजेट, वडिलांचा रकाना रिकामा. त्यावर लाल रेघ आणि पुढे शेरा : 'वडील जुळत नाहीत.'

"वडिलांचं नाव जेम्स असायला हवं," मी म्हणालो. "इथे कोणाचंच नाव नाही."

"जेम्स असायला हवं, हे तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आहे. मायकल जेम्स कीओ."

नोरीनने चष्मा काढला. "ते युअर मॅनचं स्वतःचं नाव आहे," ती म्हणाली. इथे ज्याच्याविषयी बोलणं चाललंय अशा कुणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. "त्यात त्याचा बाप कुठून आला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चूक माझ्या लक्षात आली. ती अगदी प्राथमिक होती.

आयर्लंडमध्ये कॅथलिक मुलाला अकरा-बारा वर्षांचं झाल्यावर चर्चमध्ये आणखी एक नाव मिळतं. ते बहुधा एखाद्या संताचं असतं आणि पुढे मधलं नाव म्हणून चिकटतं. वडिलांच्या नावाशी त्याचा संबंध नसतो. मला हे माहीत होतं. अमेरिकन क्लायंटच्या शेकडो फायलींत मी मधलं नाव मधलं नाव म्हणूनच वाचलं होतं. ही एकच फाइल मी मराठी माणसासारखी वाचली, कारण क्लायंट मराठी होती. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

"रिपोर्ट केव्हा गेला?" नोरीनने विचारलं.

"जानेवारीत."

आता मे महिना होता.

माझं काम आधी थोडक्यात सांगतो. पुण्यात मी एका दैनिकाच्या डेस्कवर चौदा वर्षं होतो. डेस्कवरचा माणूस बातमी आणत नाही, आलेली तपासतो. पत्नी मेधा भूलतज्ज्ञ. तिला इथे आयर्लंडच्या मीथ काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नावन गावच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली आणि मी तिच्यामागून आलो. वर्षभर घरी बसल्यावर नोरीनच्या ऑफिसात लागलो. एका फार्मसीवरच्या दोन खोल्या आणि आम्ही तिघं. देश सोडून गेलेल्या माणसांचा आम्ही माग काढतो. पणजोबा कोणत्या गावचे, कोणत्या घरातले, एवढंच बहुतेकांना हवं असतं.

त्यासाठी जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी असतात, चर्चची पुस्तकं असतात आणि जनगणना असते. जनगणनेचं इथलं दुखणं वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक फॉर्म जळाले किंवा सरकारनेच रद्दीत घातले. सबंध पाहायला मिळतात त्या १९०१ आणि १९११ च्या. या एप्रिलात त्यात १९२६ ची भर पडली. ठरलेल्या एका रविवारी रात्री त्या छपराखाली जो झोपला असेल, त्याचं नाव, वय, धर्म, काम आणि वाचता येतं की नाही, हे घरातल्या कर्त्याने लिहायचं. त्या रात्री जो दुसरीकडे होता, तो त्या घराच्या फॉर्मवर सापडत नाही. नवशिक्याला हे पहिल्याच दिवशी सांगतात.

शोध हाती लागला नाही तर आम्ही निगेटिव्ह रिपोर्ट देतो. असा प्रत्येक रिपोर्ट काही महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, अशी नोरीनची पद्धत आहे. "नाही म्हणायला कष्ट पडत नाहीत," ती म्हणते, "म्हणून तेच तपासायचं." माझ्या त्या वर्षातल्या चार निगेटिव्ह रिपोर्टांपैकी ती वाचत होती तो तिसरा.

क्लायंटचं नाव स्टेला साळवे. वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. तिची माझी भेट दिवाळीच्या फराळाला झाली होती. डब्लिनजवळच्या एका स्पोर्ट्स क्लबच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी दीड-दोनशे मराठी माणसं जमली होती. माझं काम काय, हे कुणीतरी तिला सांगितलं. ती प्लेट हातात घेऊन आली.

"सर, तुम्ही आयरिश माणसांची मुळं शोधता ना? माझे आजोबा आयरिश होते. आईचे वडील. नाशिककडे रेल्वेत गार्ड होते."

शेजारी नागपूरचे एक ऑर्थोपेडिक सर्जन उभे होते. त्यांनी तिच्या छातीवरचं नावाचं स्टिकर वाचलं.

"साळवे," ते म्हणाले. "आणि आजोबा आयरिश."

"आईकडचे," स्टेला पुन्हा म्हणाली.

"हो, हो. चला, आता आपणही एकेक आजोबा शोधून ठेवू. पासपोर्टच्या रांगेत तरी उभं राहायला नको."

दोघं-तिघं हसले. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. स्टेलाने चकलीचा तुकडा मोडला आणि माझा ईमेल मागितला.

आडनाव ऐकलं की आपल्या डोक्यात एक कप्पा आपोआप उघडतो. तो माझ्या डोक्यातही आहे. आपण शिकलेले आहोत, परदेशात आहोत, वर्तमानपत्रात समतेचे अग्रलेख तपासलेले आहेत, याने तो बंद होत नाही. साळवे या कप्प्यात आयरिश आजोबा बसत नव्हता. म्हणून फाइल उघडण्याआधीच मी मनाशी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. गोष्ट घरात रचलेली असणार. आणि हेतू पासपोर्टचा असणार. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर इथलं नागरिकत्व मागता येतं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना तेच हवं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही. तिला तेच हवंय का, हे मात्र मी विचारलं नाही.

तिने ईमेलमध्ये सगळं नीट लिहिलं होतं. आई अ‍ॅग्नेस, वय एकोणऐंशी, रेल्वेच्या एका जंक्शनवर राहते. गावाचं नाव इथे देत नाही, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. अ‍ॅग्नेस पाच वर्षांची असताना वडील टायफॉइडने गेले. अ‍ॅग्नेसची आई रेल्वे हॉस्पिटलात आया होती. लग्नाची नोंद असलेलं चर्चचं जुनं पुस्तक वाळवीने खाल्लं. हातात फक्त बाप्तिस्म्याचा दाखला, तोही मागाहून काढलेली नक्कल. वडील मीथ काउंटीचे आणि जन्म १९०६ च्या सुमाराचा, एवढंच अ‍ॅग्नेसला ऐकून माहीत होतं. अ‍ॅग्नेस शाळेत गेली तेव्हापासून ऐकत आली, की ही उगाच गोऱ्याचं नाव लावते. आता चर्चला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि जुन्या रेल्वे कुटुंबांचं पुस्तक निघणार होतं. प्रत्येक घराला एक पान. अ‍ॅग्नेसबाईंना त्यात वडिलांचं नाव आणि गाव छापून हवं होतं. कमिटी म्हणाली, कागद दाखवा.

ईमेलच्या शेवटी आईने सांगितलेली एक आठवण होती. वडील म्हणायचे, माझं घर दगडी होतं, तीन मजली. घंटा वाजली की शंभर माणसं एका वेळी जेवायला बसायची. मी ते वाचलं आणि मनात म्हणालो, झालं, आता बंगला आणि घोडेही येणार.

त्याच आठवड्यात तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला : 'आईकडे आजोबांचं एक छोटं पुस्तक आहे, मिलिटरीचं. फोटो मागवू का?' मी उत्तर दिलं : 'सध्या गरज नाही. चर्चचा दाखला पुरेसा आहे.' हे दोन्ही मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

मग मी शोध घेतला. जेम्सचा मुलगा मायकल कीओ, जन्म १९०६ च्या आसपास, मीथ काउंटी. १९११ च्या जनगणनेत असं एकच घर मिळालं. तो मायकल मोठा होऊन तिथेच शेती करत राहिला आणि तिथेच वारला. जन्माच्या नोंदींत पाच मायकल कीओ होते. एकेक करून पाचही खोडले. 'उपलब्ध नोंदींत या व्यक्तीच्या आयरिश जन्माला आधार मिळत नाही,' असं एका पानावर इंग्रजीत लिहिलं आणि पाठवलं. स्टेलाचं दोन शब्दांचं उत्तर आलं : 'थँक्यू सर.' मला बरं वाटलं. वाद घातला नाही.

हे सगळं मी नोरीनला सांगितलं. हसण्याचं तेवढं सोडून.

"वर्कहाउसचे फॉर्म पाहिलेस?" तिने विचारलं.

"नाही."

"हॉस्पिटल, बोर्डिंग, अनाथालय?"

"नाही. गार्डाच्या नोकरीतला माणूस, वाटलं घरदार असलेला असेल."

"पाच मायकल. एकाच्या बापाचा पत्ता नाही. त्याची आई बाळंत कुठे झाली, ते वाचलंस का?"

मी तिच्या हातून फाइल घेतली. जन्माच्या नोंदीत जन्मस्थळाचाही रकाना असतो. तिथे स्पष्ट अक्षरात लिहिलं होतं : वर्कहाउस.

वर्कहाउस म्हणजे ज्यांना घर नाही आणि खायला नाही, त्यांच्यासाठी सरकारने चालवलेली जागा. जिल्ह्याजिल्ह्यात मोठमोठ्या दगडी इमारती होत्या. आत गेलं की पुरुष, बायका आणि मुलं वेगवेगळ्या भागांत. उठायची, कामाची, जेवायची वेळ घंटेवर.

मला स्टेलाचा ईमेल आठवला. घंटा वाजली की शंभर माणसं.

"मी क्लायंटला फोन करतो," मी म्हणालो.

"कर. आणि तू केलीस ती चूक तूच सांग. मी ऑफिसच्या वतीने पत्र लिहीन, ते वेगळं."

"सॉरी, नोरीन."

"मला कशाला? मी ग्रँड आहे," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'माझं काही बिघडलेलं नाही', आणि फाइल तिथेच ठेवून गेली.

स्टेलाने फोन उचलला तेव्हा तिची ड्युटी संपत आली होती. मागे ट्रॉलीचे आवाज येत होते. मी सांगितलं, की रिपोर्टमध्ये माझी चूक झाली आहे, शोध पुन्हा सुरू करतो, आणि त्या मिलिटरीच्या पुस्तकाचे फोटो हवे आहेत.

"आता?" ती म्हणाली.

"हो. शक्य असेल तर."

"सर, पुस्तक छापून झालंय. फेब्रुवारीत. चर्चच्या सणाला वाटलं पण."

"आणि आईचं पान?"

"आहे ना. नवऱ्याकडचं सगळं आहे. तिच्या वडिलांच्या जागी 'माहिती उपलब्ध नाही' असं टाकलंय. कमिटी कागद मागत होती. माझ्या भावाने तुमचा रिपोर्ट नेऊन दिला. त्याला वाटलं, आयर्लंडच्या ऑफिसचा कागद आहे, कामाचा असेल. त्याने नीट वाचलाच नव्हता. कमिटीतल्या एकाने मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला."

मी समोरची फाइल मिटली.

"आई तिथेच होती," स्टेला म्हणाली.

डेस्कवर असताना आमचा एक नियम होता. ज्या माणसाविषयी प्रतिकूल छापायचंय, त्याला आधी फोन करायचा. त्याचं म्हणणं एक ओळ का होईना, घ्यायचं. हा फोन न करता बातमीची कॉपी पुढे सरकवलेल्या दोघांना मी पूर्वी मेमो दिले आहेत. अ‍ॅग्नेसबाईंना मी फोन केला नव्हता. त्यांच्या वडिलांविषयी मी एक पान लिहिलं आणि त्यांना काही विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही.

"स्टेला, त्या दिवशी हॉलमध्ये..." मी सुरुवात केली.

"तुम्ही हसलात, ते मी पाहिलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तरी काम तुम्हालाच दिलं. दाखल्याची नक्कल मराठीत आहे. ती वाचता येईल असं दुसरं कोणी इथे नव्हतं. आणि पासपोर्टचं म्हणाल, तर माझा इथल्या नोकरीवर होऊन चार वर्षं झाली. मला काही नको होतं. आईला हवं होतं."

फोटो दुसऱ्या दिवशी आले. भावाने खिडकीशी धरून काढले होते. हिंदुस्थानातल्या पलटणींतून सुटलेले आयरिश शिपाई पुष्कळदा तिथेच रेल्वेत लागत. ब्रिटिश सैन्यातल्या शिपायाजवळ एक छोटं पे-बुक असायचं. त्यात नाव, नंबर, पगार, टोचलेल्या लसी, आणि काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला, याचं एक पान. त्या पानावर शाई फिकट होती, पण वाचता येत होती. आई : मिसेस बी. कीओ. खाली नावनमधल्या एका गल्लीचा पत्ता. त्या गल्लीवरून मी रोज ऑफिसला जातो.

पे-बुकातली जन्मतारीख आणि वर्कहाउसची जन्मनोंद यांत दोन दिवसांचा फरक निघाला. त्या काळच्या नोंदींत इतका फरक नेहमी दिसतो. आम्ही तो जुळणारा धरतो.

मग १९११ चे संस्थांचे फॉर्म काढले. घरांचे फॉर्म कर्ता भरायचा, तसे वर्कहाउसचे तिथला मास्तर, म्हणजे व्यवस्थापक, भरायचा. काही ठिकाणी मास्तरांनी पूर्ण नावं न लिहिता नुसती आद्याक्षरं लिहिली आहेत. म्हणून नाव टाकून शोधलं तर ही माणसं सापडत नाहीत. पान पान उलटावं लागतं. दोन दुपारी गेल्या. मुलांच्या पानावर : एम. के., पुरुष, वय पाच, रोमन कॅथलिक, वाचता येत नाही. पुढे बायकांच्या पानावर : बी. के., स्त्री, वय सत्तावीस, मोलकरीण, अविवाहित.

आद्याक्षरं हा पुरावा नव्हे. तो पुरावा वर्कहाउसच्या दाखल रजिस्टरने दिला. ते काउंटी लायब्ररीत आहे. ब्रिजेट कीओ आणि मुलगा मायकल, पूर्ण नावांनी, एकाखाली एक. जनगणनेच्या रविवारी दोघंही आत होते. मुलाला बाहेर सोडल्याची नोंद त्यानंतर काही वर्षांनी आहे. आईची त्याच्याही आधीची.

शेवटी १९२६ ची जनगणना. पे-बुकातला पत्ता टाकला. त्या गल्लीत, एका खोलीच्या घरात, एकटी : ब्रिजेट कीओ, वय बेचाळीस, लाँड्रीत काम. तोवर मुलगा सैन्यात गेलेला. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात शब्द होता : विधवा.

मी नोरीनला दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून दाखवले. एकात अविवाहित, दुसऱ्यात विधवा.

"लग्न कुठे सापडलं?"

"कुठेच नाही. जिल्ह्यात नाही, डब्लिनला नाही."

तिने दोन्ही कागद पाहिले. "पहिला मास्तरने भरलाय," ती म्हणाली. "दुसरा तिने स्वतः."

नवा रिपोर्ट सहा पानांचा झाला. तो ईमेलने पाठवायला मन धजेना. जूनमधल्या एका रविवारी मी गाडी घेऊन वॉटरफोर्डला गेलो. स्टेलाने चहा ठेवला, बिस्किटं काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईला तुम्हीच सांगा. मी मधे बोलणार नाही." टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून तिने व्हिडिओ कॉल लावला.

अ‍ॅग्नेसबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा फक्त खांदा दिसत होता.

"बोला साहेब," त्या म्हणाल्या. "आता काय सापडलं?"

मी आधी माफी मागायची असं ठरवलं होतं. वाक्य अर्धं झालं, तोवर त्यांनी हात वर केला.

"ते मागून. आधी सांगा."

मी सांगितलं. जन्म मीथ काउंटीत. आईचं नाव ब्रिजेट. जन्माची सरकारी नोंद आहे, नंबरासकट. तुमच्याकडच्या पुस्तकाशी ती जुळते.

"म्हणजे बाबा आयरिश."

"हो. शंका नाही."

त्यांनी मुलाच्या खांद्याकडे पाहिलं. "ऐकलं का रे?" खांदा हलला.

"घर कुठलं?" त्यांनी विचारलं.

इथे मी अडखळलो. सहा पानं मी तीनदा वाचली होती, पण हा शब्द मराठीत त्यांच्यासमोर कसा म्हणायचा, ते ठरलं नव्हतं. "वर्कहाउस म्हणून जागा असायची," मी म्हणालो. "ज्यांना काहीच आधार नाही, अशांची."

"अनाथालय?"

"तसंच. पण मोठी माणसंही असत."

"दगडी होती का इमारत?"

"हो."

"तीन मजले?"

"हो."

"आणि घंटा?"

"जेवणाची घंटा होती."

स्टेलाने कप उचलला होता तो तसाच धरून ठेवला.

"मग बाबा खोटं नाही बोलले," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या. "ते बंगला म्हणाले नव्हते कधी. दगडी घर म्हणाले. बंगला मीच करून टाकला होता. सगळ्या कॉलनीला सांगत फिरायचे, माझ्या बापाचा बंगला होता म्हणून." मग त्यांनी विचारलं, "आणि त्यांची आई?"

"त्याच इमारतीत. पण बायकांच्या बाजूला. मुलांना वेगळं ठेवत."

"भेटू द्यायचे?"

"फारच कमी. आठवड्यातून एकदा वगैरे. या दोघांविषयी नक्की लिहिलेलं नाही."

"नंतर काय झालं तिचं?"

मी १९२६ चा फॉर्म सांगितला. एक खोली, लाँड्रीतलं काम, वय बेचाळीस. "विधवा असं लिहिलंय."

"नवरा कोण होता?"

"लग्नाची नोंद नाही," मी म्हणालो, आणि लगेच सुधारलं. "मला सापडली नाही."

"तिने स्वतः लिहिलंय का विधवा?"

"हो. स्वतः."

"मग तुम्हीही विधवाच लिहा. बाईने सांगितलंय तेच लिहायचं. तुम्ही कोण तिला विचारणार, नवरा कुठंय म्हणून?"

"बरं," मी म्हणालो. रिपोर्टात मी त्या जागी एक सविस्तर परिच्छेद लिहिला होता. त्याच रात्री तो काढला. दोन्ही फॉर्ममधले शब्द जसेच्या तसे ठेवले, त्यावर स्वतःचं काही लिहिलं नाही.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला मला फोन का नाही केला?"

माझ्याकडे कारणं होती. वेळेचा फरक, कामाचा ताण, क्लायंटमार्फतच बोलायची पद्धत. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"मला वाटलं नाही, तुमच्याशी बोलायची गरज आहे म्हणून."

"का बरं?"

"तुम्ही सांगताय ते खरं असेल, असं वाटलं नव्हतं."

स्टेलाने कप खाली ठेवला. अ‍ॅग्नेसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. टॅबलेटवर माणूस नक्की कुठे पाहतो ते कळत नाही, पण मला कळलं.

"असं म्हणणारे इथे पुष्कळ होते, साहेब," त्या म्हणाल्या. "पण ते त्याला रिपोर्ट नव्हते म्हणत."

मी माफी मागितली. त्या "बरं" म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते विचारलं नाही. मग त्यांनी मुलाला चहा टाकायला सांगितलं आणि कॉल संपला.

पुढचं थोडक्यात. कमिटीला मी मराठीत पत्र लिहिलं. पहिला रिपोर्ट चुकीचा होता, चूक माझी होती, नव्या रिपोर्टाची प्रत सोबत आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार नाही, असं फादरनी कळवलं. शुद्धिपत्र चिकटवायला त्यांची हरकत नव्हती. मजकूर मी लिहिला : 'श्रीमती अ‍ॅग्नेस साळवे यांचे वडील मायकल जेम्स कीओ, जन्म मीथ काउंटी, आयर्लंड. आई ब्रिजेट.' बोटभर रुंदीची पट्टी. चर्चमध्ये शिल्लक होत्या त्या प्रतींत ती लागली. बाकीची पुस्तकं आधीच घराघरांत गेली होती. स्टेलाचा भाऊ पट्ट्या घेऊन त्यातल्या काही घरी गेला. काहींनी लावून घेतली. काहींनी ठेवून जा म्हटलं. मीटिंगमध्ये ज्यांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला होता, त्यांनी शुद्धिपत्र वाचून दाखवलं का, हे मी स्टेलाला विचारलं. "नाही," ती म्हणाली. दुरुस्ती मूळ मजकुराएवढ्या लोकांपर्यंत पोचत नाही, हे मी चौदा वर्षं इतरांना सांगत आलो होतो.

ऑफिसात फॉर्म बदलला. निगेटिव्ह रिपोर्टात आता कुठे शोधलं याच्याबरोबर कुठे शोधलं नाही, हेही लिहावं लागतं. त्याखाली आणखी एक ओळ आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशी कोणत्या तारखेला बोललात? ती रिकामी असेल तर रिपोर्ट बाहेर जात नाही. हा नियम नोरीनने केला. चौदा वर्षं डेस्कवर काढलेल्या माणसाने तो तिच्याआधी सुचवायला हवा होता.